पगाराचा रकाना

पप्पांना जाऊन अडीच महिने झाले होते. कॉलेजातला दुग्धशास्त्राचा पदवी अभ्यासक्रम त्यांनी सुरू केला होता. आता तिथं मी शिकवते. सोमवारी प्राचार्यांनी बोलावून सांगितलं, "शनिवारपर्यंत माजी विद्यार्थ्यांची कमाई दाखवा. पंचवीस तरी नावं हवीत. नाहीतर यंदा प्रवेश बंद."

मी पप्पांची फोन नंबरांची वही घेऊन बसले. विद्यार्थी पप्पांची आठवण काढत, भरभरून बोलत आणि पगार विचारला की गडबडत. "चाललंय मॅडम, पोटापुरतं." कॉलेज देणगी मागणार, असंच सगळ्यांना वाटे. बुधवारपर्यंत एकही आकडा हाती नव्हता.

गुरुवारी पिशोरच्या संघपाल या माजी विद्यार्थ्याला फोन लावला, तो त्याच्या आईनं, भामाबाईंनी उचलला. मी विचारलं, "संघपालला महिन्याला किती मिळतात?"

"दीड लाख!" त्या ताडकन म्हणाल्या. "सोताचा खव्याचा कारखाना हाय. दारू नाय, तंबाखू नाय. पोरगी काय शिकली तुमची?"

"मावशी, मी स्थळ घेऊन नाही आले. मी सरांची मुलगी."

मग त्या अशा हसल्या, की मलाही हसू आवरेना. कित्येक दिवसांनी.

"मंग खरं लिही, पोरी. सत्तर हजार. अन् सहा माणसं कामाला हायेत. पण कशापायी पाहिजे?"

मी सांगितलं.

"सरांचा वर्ग बंद करत्यात? अन् तू पोरांना इचारत बसली व्हय? पोरं कवा खरं सांगत्यात! समद्यायच्या आया वळखीच्या हायेत माझ्या. शिकत होती तवा खोलीवर पोरांना डबे धाडायचो आम्ही साऱ्या जणी. थांब तू."

शुक्रवारी दिवसभर आयांचे फोन. पाचोडच्या मालनबाई म्हणाल्या, "सत्यम मला तीस सांगतो, बायकोला पस्तीस. पस्तीसच लिही." करमाडच्या एकीनं लेकीचा पगार सांगितला, वर तिच्या साहेबाची तक्रारही लिहून घ्यायला लावली.

शनिवारी एकतीस नावांची यादी प्राचार्यांपुढं ठेवली.

"आकडे तपासले कोणी?"

"त्यांच्या आयांनी."

चष्म्यावरून माझ्याकडं बघत ते हसले आणि त्यांनी सही केली.

प्रवेशाची नोटीस मी स्वतः फळ्यावर लावली. जरा तिरपी लागली. पप्पांनी काढून पुन्हा सरळ लावली असती. मी तशीच राहू दिली. खाली दोन मुली आधीच वाचत उभ्या होत्या.