सुकाणूवर कोण होतं

"खाली जा! डोकं दिसतंय तुझं, डोकं!"

"त्याचं आहे म्हणून दिसतंय. तुमचं कुठे दिसतंय?"

हे दुसरं माझं. पहिलं टाइल्सवाल्याचं. आणि डोकं माझ्या मामाचं. बंदराच्या तोंडापासून अर्ध्या मैलावर, अठ्ठावीस फुटांच्या शिडाच्या बोटीवर हे चाललं होतं. भांडायला ही जागा भिकार आहे. रागावून तरातरा निघून जावं म्हटलं तर चारच पावलं मिळतात.

"तू गप रे," मामा म्हणाला. मला म्हणाला, त्याला नाही. आणि गेला खाली केबिनमध्ये, उंदीर बिळात शिरावा तसा.

टाइल्सवाला म्हणजे बोटीचा मालक. बाथरूमच्या फरश्या विकतो, तीन शोरूम आहेत. त्याच्या क्लबात एक ढाल आहे. जो सभासद स्वतःची बोट स्वतः हाकत किनाऱ्याकिनाऱ्याने बाराही बंदरं करेल, त्याला ती मिळते. आता 'स्वतः'वर ह्या माणसाने काढलेला तोडगा ऐका. बंदरापासून बंदरापर्यंत बोट न्यायची मामाने. दोर ओढायला मी. हा रस्त्याने गाडीतून यायचा, थंड हवा खात. बंदर अर्ध्या मैलावर आलं की भाड्याच्या होडीतून बोटीवर चढायचा, पांढरी टोपी घालायचा, सुकाणूचा दांडा हातात घ्यायचा आणि मामाला खाली लपवायचा. जेट्टीवरच्या लोकांना वाटायचं, हा बहाद्दर चाळीस मैल समुद्र कापून आला. शर्टाची इस्त्री मोडलेली नाही, तरी वाटायचं! लोक पण काय एकेक नग असतात.

बरं, सुकाणू हातात घेतलं म्हणून ते कळतं का? तर नाही. दांडा डावीकडे नेला की बोट उजवीकडे वळते, एवढी एक गोष्ट. मी पहिल्या दुपारी शिकलो, आणि मी नववीत शाळा सोडलेला. ह्याच्या डोक्यात ती तीन बंदरं झाली तरी शिरेना. शेवटी मामाने त्याला उजव्या बाकावर कायमचा बसवला आणि दोनच शब्द ठेवले. ओढा आणि लोटा. मामा खाली केबिनच्या पुढच्या खिडकीला नाक लावून उभा राहायचा आणि ह्याच्याकडे पाठ करून हळू आवाजात सांगायचा, "ओढा… अजून ओढा… आता लोटा, साहेब." बैलाला यापेक्षा जास्त शब्द कळतात.

मामा हे सगळं का सहन करायचा, तर एका वहीसाठी.

मामा बावीस वर्षं दुसऱ्यांच्या बोटी हाकतोय. आज ह्याची, उद्या त्याची, महिना-महिना घराबाहेर. मामी म्हणते, हा घरी येतो की पाहुणा येतो तेच समजत नाही. खाडीतल्या फेरीबोटीवर चालकाची जागा निघालीय. कायमची. सकाळी जायचं, संध्याकाळी घरी जेवायला. फक्त पंचेचाळिशीच्या आत पाहिजे, आणि मामा पुढच्या महिन्यात पंचेचाळीस पुरे करतोय. आणि पाहिजे नोंदवही. चालक म्हणून बारा बंदरं केल्याची, बोटीच्या मालकाच्या सहीची. मामाने आधीच्या मालकांकडून कधी कागद मागितलाच नाही. कसा मागायचा म्हणे. टाइल्सवाला म्हणाला होता, "शेवटच्या बंदरात एकदम बारा सह्या करतो, काळजी कशाला करतोस?" तेव्हापासून ती वही दोन पिशव्यांत गुंडाळून मामाच्या उशीखाली. मी एकदा त्यावर चहाचा कप ठेवला तर असा ओरडला, जसं काही मी बाळावर ठेवला.

हे बारावं बंदर. जेट्टीवर क्लबचे लोक आलेले, फोटोवाला आलेला. टाइल्सवाल्याने शीड उतरवू दिलं नाही, फोटोत पाहिजे म्हणे. वारा मागून, बोट नको तेवढ्या वेगात. मी पुढच्या टोकावर दोर घेऊन उभा. जेट्टी डावीकडे. उजवीकडे लहान होड्या बांधलेल्या, त्यातल्या एकीत एक म्हातारा बसून तळाचं पाणी उपसत होता.

मी मागे वळून बघितलं, तर उजव्या बाकावर शिडाची सावली पडलेली. फोटोत तोंड काळं येईल म्हणून हा उठला आणि डाव्या बाकावर जाऊन बसला, हनुवटी वर करून.

बाक बदलला की ओढा-लोटा उलटं होतं, आणि खाली मामाला हे दिसणं शक्य नव्हतं. मला दिसलं होतं. मी बोललो नाही. म्हटलं आपटू दे एकदा, फुटू दे ह्याचं सोंग सगळ्यांसमोर. म्हातारा तेव्हा माझ्या डोक्यात नव्हता, खरं सांगतो.

"ओढा," खालून आवाज आला.

ह्याने ओढला. बोट जेट्टीकडे वळायची ती होड्यांकडे वळली.

"ओढा साहेब, ओढा!"

ह्याने अजून ओढला. म्हाताऱ्याने मान वर केली. आमचं टोक सरळ त्याच्या छातीवर. त्याच्या हातातला डबा तसाच हवेत राहिला.

मामा केबिनमधून कसा वर आला ते मला कळलं नाही. एका हाताने टाइल्सवाल्याला बाजूला सारलं, दुसऱ्याने दांडा घेतला, आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "शीड!" मी शिडाचा दोर सोडला. शीड धाडकन खाली आलं. बोट म्हाताऱ्याच्या होडीला वीतभर अंतर ठेवून वळली, हळू झाली, आणि जेट्टीला अशी टेकली की मध्ये अंडं ठेवलं असतं तरी फुटलं नसतं.

"काय रे, आंघोळ घालतोस का मला?" म्हातारा ओरडला आणि परत पाणी उपसायला लागला.

टाइल्सवाल्याची टोपी पाण्यात तरंगत होती. तेवढ्यात बंदराचा कारकून आला, काखेत मोठी वही, नाकावर चष्मा. आत येणाऱ्या प्रत्येक बोटीचं तो लिहून घेतो. त्याने वही उघडली आणि मामाला विचारलं, "सुकाणूवर कोण होतं?"

मामाचा हात अजून दांड्यावर होता. मी मनात म्हटलं, बोल मामा. एवढ्या लोकांनी बघितलंय. बोल.

मामाने टाइल्सवाल्याकडे बघितलं. टाइल्सवाला टोपीकडे बघत होता.

"साहेब," मामा म्हणाला.

कारकुनाने चष्मा वर केला. "मी त्या खिडकीतून बघत होतो."

"साहेबच होते. मी दोर आवरायला वर आलो."

"बघा हं. शाईने लिहितोय."

"लिहा."

"मामा!" मी ओरडलो.

"तू गप रे."

कारकुनाने लिहिलं. ज्याच्या हातात दांडा होता त्याच्यासमोर उभं राहून दुसऱ्याचं नाव लिहिलं. मला त्या दोघांचीही किळस आली, पण मामाची जास्त.

मग केबिनमध्ये मामाने वही काढली. दोन पिशव्या सोडल्या, हात तीनदा पुसले, टेबलावर ठेवली. टाइल्सवाल्याने पेन उघडलं.

"हुद्दा… इथे काय लिहायचं?"

"चालक, साहेब."

"चालक कसं लिहू?"

मामा हसला. त्याला वाटलं गंमत चाललीय.

"अरे, बाराही बंदरांच्या वह्यांत चालक म्हणून माझं नाव आहे. फेरीवाल्यांनी पडताळून बघितलं तर? खोटं लिहिलं म्हणून मी अडकणार. ढाल जाईल ती वेगळीच." तो अगदी समजावून सांगत होता, फरशी कशी पुसायची ते सांगावं तसा. "आत्ता तूच सांगितलंस ना त्याला? मी सांगायला लावलं का? मदतनीस लिहितो. बारा वेळा लिहितो. खूश?"

मामाला वाटायचं, बंदराची वही बंदराची आणि आपली वही आपली. ह्या दोन वह्या कधी एकमेकींना भेटतील, हे त्याला सुचलंच नव्हतं. बारा वेळा स्वतःच्या पायांनी खाली जाऊन लपला आणि स्वतःचं नाव पुसून आला. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात ना, इथे तोंड दाबणारा हातही ह्याचाच.

मी टेबलावरचा लोखंडी हूक उचलला.

"ठेव तो," मामा म्हणाला. मग टाइल्सवाल्याला म्हणाला, "नको."

"काय नको?"

"मदतनीस नको. कोरं ठेवा."

"अरे, काहीतरी लिहिलेलं बरं असतं."

"कोरं बरं."

आणि पेनाखालून वही ओढून घेतली. पानावर शाईची एक रेघ ओढली गेली, आडवी. टाइल्सवाला खांदे उडवून गेला, क्लबात त्याची वाट बघत होते. जाताना म्हणाला, "बोट धुऊन ठेव."

मामाने पिशवी भरली. दोन शर्ट, टॉर्च, दाढीचं सामान. मला वाटलं, चला, आता तरी थुंकून जाईल. जेट्टीवर चढला, पिशवी खाली ठेवली आणि दोर सोडायला बसला.

"आता काय?"

"ओहोटी लागलीय. दोर आखूड आहेत. पाणी उतरलं की बोट लटकेल."

"लटकू दे! त्याची आहे ना, लटकू दे!"

मामाने पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं. "बोटीने काय केलंय?"

मी लांब येऊन बसलोय, त्याच्याकडे पाठ करून. काडीची मदत करणार नाही, असं सांगून आलोय. मध्येमध्ये बघतो. तीन दोर झालेत त्याचे. एकेक सैल करून, ओढून बघून, गाठ मारून. चौथा पुढचा आहे. वारा फिरलाय, आता जेट्टीवरून समुद्राकडे सुटलाय, बोट बाहेर पळायला बघतेय. हा दोर एकट्याने होत नाही, एकाला बोट धरून ठेवावी लागते. मामा एका हाताने धरतोय, दुसऱ्याने गाठ सोडतोय, सुटत नाहीये. हाक मारत नाही. मारणारही नाही, ओळखतो मी त्याला.

जातो मी आता, बोट धरायला.