कल्याणचं इंजेक्शन

चंदाच्या नवऱ्याला, बारकूला, शहापूरच्या हायवेलगतच्या दवाखान्यात आणून नऊ दिवस झाले होते. न्यूमोनिया रक्तात पसरला, मग श्वासाचं मशीन लागलं. नऊ दिवसांत चंदाला बाकावर बसल्या बसल्या झोपायची कला साधली होती. मुरबाडकडून बघायला येणाऱ्या प्रत्येकाला तेच ते सांगून तिच्या तोंडून नवऱ्याची हकीकत आता कुणा लांबच्या पाव्हण्याची असावी तशी यायची.

तीन वाजता मुलगा साईनाथ मोबाइल पुढे धरून आला.

"आये, हे बघ. विटामिन सी, ई, झिंक, सेलेनियम. सगळं एकदम सलाइनमधून देतात. कल्याणला मिळतं. बाइक काढतो."

"डॉक्टरीणबाई काय बोलल्या?"

"इचारलं नाय अजून."

"मग तुला डॉक्टर कोणी केला?"

तेवढ्यात डॉक्टर समीक्षा आयसीयूच्या काचेच्या दारातून बाहेर आल्याच. त्यांचेही डोळे चुरचुरत असावेत. त्यांनी मोबाइल वाचला आणि परत दिला.

"मावशी, खरं सांगते. हे काही ठिकाणी देतात. पण त्यानं माणूस वाचतो असा भरवसा अजून कुणाला देता आलेला नाही. कुठे थोडा फायदा दिसला, कुठे काहीच नाही. रोजच्या गरजेपुरतं त्यांना नळीतल्या अन्नातून जातंच आहे."

"झिंक आमाला ठावं हाय," चंदा म्हणाली. "भाताला टाकतो. पान तांबूस पडलं का."

"आणि उपयोग होतो?"

"जमिनीत कमी असलं तर व्हतो. ओढ्याकडच्या तुकड्यात यांनी दोनदा टाकलं. पीक पिवळं ते पिवळंच. सारा गाव बोलला, आणखी टाक. बांधाशी पाणी तुंबलंय, ते कोणी बघितलंच नाय. शेवटी मीच कुदळ घेतली नि बांध फोडला. तर आठ दिवस माझ्याशी बोलले नायत."

डॉक्टर हसल्या. थकलेलं, पण खरं हसू. "आजारात रक्तातलं झिंक, सेलेनियम तसंही खाली जातं. म्हणून कमतरता आहेच असं नाही. अँटिबायोटिक चालू आहे, तेच आपलं बांध फोडणं समजा. आज गुंगीचं औषध कमी केलंय. चारला भेटाल तेव्हा डोळे उघडतील कदाचित. नाही उघडले तर घाबरू नका."

त्या आत गेल्या. साईनाथनं चावी काढली.

"आणून तर ठेवतो. लागलं तर असावं."

"चारला भेटायचं हाय."

"तू जा ना. एकालाच सोडतात."

चंदानं त्याच्याकडे नीट पाहिलं. रक्ताच्या बाटल्या यानं आणल्या. आधार कार्डासाठी मुरबाडला दोनदा हा गेला. डबा, रिपोर्ट, गोळ्या, सगळं यानं केलं. काचेच्या दारापलीकडे मात्र एकदाही नाही. आईचा मान ठेवतोय, असं ती इतके दिवस समजत होती.

"तू आत कवा गेलास रे?"

"मला त्या नळ्या बघवत नाय."

"आणि मला तिथं नाटक दाखवतात?"

"बाबांनी डोळे उघडले नि मला काय बोलायचं कळलंच नाय तर?"

"ते तरी तुझ्याशी कवा बोलले? दोघं एकाच मातीचे."

आज डोळे उघडणार म्हणून तिनं सकाळीच वेणी घातली होती, दवाखान्याच्या आरशात बघून. नऊ दिवसांची वाट होती ती. पण कल्याणला गेला असता तर हा रात्रीपर्यंत रस्त्यावरच राहिला असता, उद्या आणखी काही शोधून निघाला असता. तिनं त्याच्या हातातून चावी काढून घेतली.

"तू जा."

"आये—"

"जा म्हटलं ना."

चारला तो आत गेला आणि पाव तासानं बाहेर आला. डोळे लाल.

"उघडले?"

"नाय." तो शेजारी टेकला. "हात धरला तर बोट आवळलं. सिस्टर बोलली, असं व्हतं कधी, त्याचा अर्थ लावू नका."

"मग तू काय लावलास?"

त्यानं बाहीनं डोळे पुसले. मग म्हणाला, "नखं लई वाढलीत त्यांची. उद्या कापू का, इचारलं तिला. हो बोलली."

आणि तो नेलकटर बघायला खालच्या मेडिकलात गेला.

चंदानं भिंतीला डोकं टेकलं. म्हणजे उद्याची आत जायची पाळीही गेली, असं मनात म्हणून तिनं डोळे मिटले.