पकड

साईराजने साहिलचा घोटा दोन्ही हातांनी आवळला आणि पिळला. आत काहीतरी मोडलं. आवाज लहानच होता, पण साईराजचा कान तिथून वीतभरच लांब होता.

साहिल तोंडावर आदळला. मध्यरेषा हातभर पुढे होती. दम सुटला की बाद, म्हणून मातीत नखं रोवून तो म्हणतच राहिला, "कबड्डी, कबड्डी..." ओठ फुटलेला, शब्दागणिक रक्ताची लाळ. साईराजने पकड सोडली नाही. नियमच तसा होता.

रोह्याजवळच्या वरसेचा साईराज आणि पेणच्या खाडीकडचा साहिल याआधी कधी भेटले नव्हते. ओळख मात्र दांडगी. स्पर्धेच्या ग्रुपवर महिनाभर दोघांनी एकमेकांच्या घराण्याचा उद्धार केला होता. "पाय मोडून हातात देईन," असं साईराजने लिहिलं होतं. पुढे हसूनहसून डोळ्यांत पाणी आलेले पिवळे चेहरे. साहिलने त्यावर अंगठा पाठवला होता. सगळं कसं खेळीमेळीत.

"कबड्डी"च्या जागी "आये" ऐकू आलं, तेव्हा पंचाने शिट्टी फुंकली. गुण वरसेला. साईराजने हात काढले. पाय भलतीकडेच वळला.

"शब्द पाळलास भावा!" संघातला रितेश मोबाइलवर शूटिंग करत ओरडला.

गर्दी फाडून साहिलची आई अनिता आली. मिठागरावरून तशीच, पावलं खाऱ्या चिखलाने भरलेली.

"कोनी धरला व्हता याला?"

साईराज आपल्या तळव्यांकडे बघत होता. तेवढं तिला पुरलं.

"तू व्हय? मग चढ रिक्षात. पाय तूच धर. कुठं मोडलाय, तुलाच म्हाईत."

रिक्षा पेणकडे निघाली. साहिलचं डोकं आईच्या मांडीवर, पाय साईराजच्या. खिशात मोबाइल सारखा थरथरत होता. ग्रुप आनंदात होता. साईराजचे दोन्ही हात अडकलेले. काहीतरी बोलायला हवं होतं. लिहायचं असतं, तर जोडलेले हात आणि तुटलेलं काळीज पाठवून भागलं असतं.

"दुखतंय?"

"नाय, गुदगुल्या होतायत," साहिल दात आवळून म्हणाला.

खड्डा आला. साहिल असा किंचाळला, की साईराजने घाबरून हात ढिले केले.

"सोडू नको! धर, तसाच धर रे."

साईराजने धरला. कधी सोडायचा, ते सांगायला या खेपेला शिट्टी नव्हती.