गिताबाईंची सुई, सुरेखाची गोळी

वडगाव रासाईच्या गिताबाई आणि त्यांची धाकटी जाऊ सुरेखा, दोघींची पाळी एकाच सुमारास जायला लागली. अंगाची आग व्हायची, घाम फुटायचा. ते त्यांनी हसण्यावारी नेलं. पुढं मात्र सुरेखाला शेवंती तोडता तोडता उगीच रडू यायला लागलं, आणि गिताबाईंना सकाळी अंथरुणातून उठावंसंच वाटेना.

सुरेखाला तिच्या नवऱ्यानं, जयसिंगनं, शिरूरला नेलं. "या वयात काही बायकांचं मन आजारी पडतं. औषधानं फरक पडतो," डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि त्यांनी रोजची गोळी सुरू केली.

गिताबाई हटून बसल्या. "डोक्याची गोळी मी खायची न्हाई." त्या दौंडला सीमा मॅडमकडं जायला लागल्या. मॅडम चिनी पद्धतीच्या बारीक सुया टोचायच्या.

एकदा सुरेखाही मुद्दाम बघायला गेली. गिताबाईंच्या मनगटात, पायात, दोन्ही भुवयांच्या मधेसुद्धा सुया होत्या.

"दुखतंय का, आक्का?"

"मुंगी चावल्यावानी. मग अंग जड व्हतं, आन् झोप येती."

सुरेखानं मॅडमना विचारलं, "चीनमधल्या बायकांना बी असंच रडू येतं व्हय?"

"येतं की," मॅडम हसल्या.

मग दोघींना नादच लागला. फुलं तोडताना एकमेकींना विचारायचं, तुझं काय, माझं काय. गोळीनं सुरेखाला आधी मळमळलं, तोंड कोरडं पडलं. मग हळूहळू रडू कमी झालं. घाम मात्र तसाच. गिताबाईंचा घाम कमी झाला, झोप लागायला लागली. सुरेखाला वाटलं, आपणही गोळी सोडून सुयाच घ्याव्यात. पण सीमा मॅडमनीच तिला अडवलं. "डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी बंद करायची नाही."

एका सकाळी गिताबाई बांधावर बसून राहिल्या. सुरेखा जवळ गेली, तशा त्या हळूच म्हणाल्या, "झोप लागती गं. पर उठल्यावर वाटतं, कशाला उठले?"

सुरेखानं टोपली तिथंच ठेवली आणि जयसिंगला गाडी काढायला लावली. शिरूरला पोचेपर्यंत तिनं गिताबाईंचा हात सोडला नाही.

डॉक्टरीणबाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. गोळी सुरू करू, सुयाही चालू राहू द्या, म्हणाल्या. गिताबाई गोळीला कशाबशा तयार झाल्या, पण उठेनात.

"एक सांगा. सुई भारी का गोळी?"

"तुम्हा दोघींवरून ते ठरायचं नाही. पुष्कळ बायकांचे दोन गट करून, एका गटाला सुया, दुसऱ्याला गोळी देऊन बघावं लागतं. असे अभ्यास झालेत, पण अजून ठामपणे सांगता येत नाही."

दिवाळीच्या तोडणीला गिताबाई आपणहून रानात आल्या. चेहऱ्यावरची उदासी पुष्कळ कमी झाली होती, बोलणं वाढलं होतं. सुयांनी बरं वाटलं का गोळीनं, ते त्यांना सांगता येईना, आणि तेच त्यांना खुपत होतं. पुढच्या तपासणीला त्यांनी डॉक्टरीणबाईंना सांगूनच टाकलं, "तसला अभ्यास कुठं होनार असंल, तर माझं नाव घाला. मला कळायला पायजे."

"माझं बी," सुरेखा म्हणाली. "पर आम्हाला येगयेगळ्या गटात टाका."