तक्षशिलेचा बत्तिसावा श्रोता

राजाजीनगरच्या व्याख्यान-मंडळात त्या रविवारी बाकं आठ होती, पंखा एक आणि माणसं बत्तीस. एकतीस त्या दिवशीच्या वक्त्याच्या, शेषगिरीच्या ओळखीची. बत्तिसावा मागच्या भिंतीला टेकून बसला होता. धोतराखाली त्याचे खाकी मोजे दिसत होते.

"पोलीस दिसतोय," शेषगिरीला पाण्याचा पेला देताना मंडळाची कॉफी-पाण्याची व्यवस्था पाहणारी अहल्याअक्का पुटपुटली. "जुनी कथा तेवढी सांग आणि खाली बस."

शेषगिरीनं पेला एका दमात रिकामा केला. चीनच्या युद्धाला अजून वर्ष झालं नव्हतं. सरकारी कॉलेजातली त्याची नोकरी कायम व्हायची होती, आणि व्याख्यानाचं सगळं मर्म होतं एका चिनी पुढाऱ्याच्या वाक्यात.

त्यानं सुरुवात केली. बिंदुसाराच्या काळात तक्षशिला बंड करून उठली. राजानं कुमार अशोकाला धाडलं. तर नागरिक भरले कलश घेऊन वेशीबाहेर सामोरे आले. म्हणाले, आमचं वैर राजाशी नाही, कुमाराशी नाही. दुष्ट अमात्य आम्हांला छळतात.

इथं तो अडला; पुढं तेच वाक्य होतं.

कॉफी खरं तर व्याख्यानानंतरची. पण अक्का उठली आणि वाफाळता लोटा घेऊन थेट मागच्या भिंतीपाशी गेली.

"अण्णा, पाहुण्यानं मागं बसायचं? सरी नाही ते, बरं दिसत नाही. पुढं या."

तो गडी ओशाळला आणि लोटा सांभाळत पहिल्या बाकावर येऊन बसला. शेषगिरीला हसू आलं. त्यानं घसा साफ केला.

"बंडखोर म्हणजे मासा, जनता म्हणजे पाणी. वाक्य चिनी पुढाऱ्याचं आहे. गेल्या वर्षी ज्यांनी आपले जवान मारले, त्यांच्या पुढाऱ्याचं. तरी ते इथं लागू पडतं. सरकारं माशामागं धावतात; तक्षशिलेत कुमारानं आधी पाण्याचं म्हणणं ऐकलं. लढाई झालीच नाही."

व्याख्यान संपलं. खाकी मोजे जवळ आले.

"मी देवाप्पा. निपाणीकडचा. एक विचारू काय, सर? त्या अमात्यांची पुढं बदली झाली काय?"

"कथेत ते सांगितलेलं नाही."

"होत नसतीय. आमच्या साहेबाची बी होईना." देवाप्पानं लोटा अक्काच्या हाती दिला.

शेषगिरीनं धीर करून विचारलं, "वर काय कळवणार?"

"काय कळवायचं? दोन हजार वर्सामागचं भांडण, मिटलेलं. अक्का, कॉफी बेश होती. पुढल्या ऐतवारी घरच्यांना आणू काय?"

"आणा की! विचारताय काय!"

घरी परतताना शेषगिरी वाटेत दोनदा उगाचच हसला.

पुढच्या रविवारी देवाप्पा बायकोला, गंगव्वाला घेऊन आला. मंडळात तेहतीस माणसं होती.