तीन बारला पाचशे त्रेसष्ट

पिस्टनच्या माथ्याला करंगळी जाईल एवढे भोक पडले होते. दादाने तो बाकावर ठेवला आणि दाताच्या डॉक्टरांना शांतपणे सांगितले, "हिशेब धाकटीचा होता. चुकलं तिचं. घरचंच माणूस, काय बोलणार?"

धाकटी बहीण दारातच उभी होती. दादासाठी आणलेला डबा तिने खाली ठेवला, कारण तो फेकावासा वाटत होता.

सहा वर्षे या गॅरेजात इंजिने दादा उघडत होता आणि आकडे ती मांडत होती. डॉक्टरांच्या गाडीला ताकद वाढवायला टर्बो बसवल्यावर मोठे इंजेक्टरही तिनेच निवडले होते. इंजेक्टर मिनिटाला किती पेट्रोल सोडतो, हे गाडीच्या संगणकाला खरे सांगावे लागते. त्यावरून तो इंजेक्टर किती वेळ उघडा ठेवायचा ते ठरवतो. आकडा फुगवून सांगितला, तर इंजेक्टर लवकर बंद होतो, पेट्रोल कमी पडते आणि इंजिन आतून भाजते.

"तुम्ही काय आकडा दिला होता?" डॉक्टरांनी विचारले.

"मिनिटाला पाचशे त्रेसष्ट मिली." तिने वही पुढे धरली. मग लॅपटॉप गाडीला जोडला. पडद्यावर साडेसहाशे होते.

"हे कोणी केलं, दादा?"

"मी. खोक्यावर साडेसहाशे छापलंय. तू उतरवताना चुकलीस, म्हणून दुरुस्त केलं."

"दुरुस्त! त्याच्याखाली काय छापलंय? चार बार दाबाला. आपल्या गाडीत पेट्रोलचा दाब किती?"

"आता ते बारीक अक्षर कोण..."

"तीन! दाब कमी, तर धार कमी. मला विचारलं असतंस तर जीभ झिजली असती? वर खापर माझ्याच डोक्यावर!"

"आवाज खाली. तू फ्रॉकमध्ये होतीस तेव्हापासून मी कानानं इंजिनं लावतोय."

"मग पिस्टन वितळताना काय ऐकू आलं?"

डॉक्टर हसले आणि लगेच खोकले. "हे बघा, इंजिन इथंच बांधायचं की दुसरीकडे न्यायचं, ते मला ठरवायचंय. तुमच्यातलं खरं कोणाचं, मला कसं कळणार?"

"तुम्ही एक्स-रे न बघता दात उपटता का? थांबा, दाखवते."

इंजिनातून काढलेला एक इंजेक्टर तिने चाचणीच्या यंत्रावर चढवला. खाली खुणांची काचेची नळी होती.

"दहा सेकंद. याचं खरं असेल तर एकशे आठ मिली. माझं असेल तर चौऱ्याण्णव. दाब तीन. बटण तू दाब, दादा."

त्याने दाबले. धार थांबली तेव्हा नळीत चौऱ्याण्णव होते. तो वाकून बघत राहिला.

"यंत्र जुनं झालंय."

"मग चार बारला लाव!"

नळी रिकामी करून त्याने चारला लावले. एकशे आठ.

दादाने स्वच्छ असलेले हात पुन्हा फडक्याला पुसले.

"डॉक्टर, आकडा मी बदलला होता," तो म्हणाला. "पण हिनंही दाबाचं आधी सांगायला नको का?"

तिने वहीचे पान त्याच्या नाकासमोर आणले. 'तीन बार' हे शब्द लाल शाईने दोनदा अधोरेखित केलेले होते.

"इथंच बांधा," डॉक्टर तिला म्हणाले.

ती लॅपटॉपपाशी बसली. पाचशे त्रेसष्ट. मग फाइलला पासवर्ड घातला.

"मला सांगून ठेवशील ना?" दादाने विचारले.

"नाही." तिने पायानेच डबा त्याच्याकडे सरकवला.