गबरूची कातरणी

टेम्पोचा फाळका पडून कुत्रं खाली उतरेपर्यंत कोंडिबानं मनात तीन फायदे मोजून घेतले होते. एक, बिबट्याच्या धास्तीनं रात्रभर एक डोळा उघडा ठेवायची कटकट गेली. दोन, खालच्या गुंजवणे गावापासून वरच्या वस्त्यांपर्यंत एवढं जनावर कुणाच्याच दारात नव्हतं. तीन, ते फुकट मिळत होतं. तोट्याच्या बाजूला त्यानं फक्त भाकरी धरल्या, त्याही दिवसाला चार.

धरणाकाठच्या बंगल्याचे मालक टेम्पोच्या मागोमाग गाडी घेऊन आले होते. बंगला विकून ते मुलाकडं परदेशी निघाले होते.

"सेंट बर्नार्ड म्हणतात याला. मूळचं डोंगरातलं कुत्रं आहे, कोंडिबा. तुमच्याकडंच शोभेल."

"डोंगरातलं म्हंजी आमच्यातलंच की!" कोंडिबा म्हणाला.

तो डोंगर कुठला, तिथं ऊन असतं की बर्फ, हे विचारायचं राहूनच गेलं. मालकांनी पट्टा हातात दिला, डोळे पुसले आणि काचा वर करून गाडी वळवली.

मालकांनी ठेवलेलं नाव वस्तीत कुणाच्या जिभेवर बसेना, म्हणून त्याचा गबरू झाला. मार्गशीर्षातली थंडी त्याला मानवली. भाकरी चारावर थांबल्या नाहीत, नवावर गेल्या. रखवालीचं म्हणाल तर शेळ्या त्याच्या पाठीवर चढून आंब्याचा पाला ओरबाडत आणि हा खाली घोरत असे. त्याला एकच खोड होती. आवडत्या माणसाच्या पायाला तो सगळं अंग टेकून उभा राही. कोंडिबा दोनदा आडवा झाला, तरी शिव्या देताना त्याचा हात गबरूच्या मानेवरच असे.

"आबा, पोटच्या पोराला एवढं कवा कुरवाळलं न्हाई तुमी," सून प्रगती म्हणायची. तिचा नवरा बंडू शिरवळच्या कंपनीत होता, रविवारी यायचा. ती स्वतः अंगणवाडीत मदतनीस होती.

"बंडू कुठं असा गुमान बसायचा?" कोंडिबाचं उत्तर तयार असे.

चैत्र लागला आणि गबरूची जीभ बाहेर आली ती आत जाईना. मेंढरांच्या पाण्याच्या डोणीत तो जाऊन पडू लागला. तो उठेपर्यंत मेंढरं कोरड्या तोंडानं भोवती उभी.

कोंडिबाला याचं काहीच कोडं पडलं नाही. त्याचा जन्म धनगराचा. उन्हाळ्याच्या तोंडाला मेंढरू भादरलं की ते हलकं होऊन उड्या मारतं, हे त्यानं हजारदा पाहिलं होतं. त्यानं कातर काढली.

"आबा, डाक्टरला इचारा की एकदा. मोबाईल हाय, फोन लावते म्या."

"डाक्टर पुस्तकात शिकला. म्या जनावराच्या अंगावर शिकलोय. चाळीस वर्सं झाली. कुणाच्या मेंढराला रगात आलेलं दाव मला."

गबरूनं पाय ताणून दिले आणि कातरीखाली तो चक्क झोपी गेला. केसांचा ढीग गुडघाभर झाला. उठून उभा राहिला तेव्हा निम्माच उरला होता, खाली गुलाबी कातडी.

पलीकडच्या वस्तीवरचा रायबा वाटेनं चालला होता. तो थांबला. "कोंडिबा, कुत्रं कुठं गेलं रं? आन् ह्ये वासरू कुणाचं?"

"हास लेका. उद्या पळताना बघ त्याला."

गबरू पळाला खरा, दोन दिवस. तिसऱ्या दिवशी पाठ लाल झाली, चौथ्या दिवशी फोड आले आणि माश्या घोंगावू लागल्या. भाकरीला त्यानं तोंड लावलं नाही. कोंडिबाच्या पायाला टेकायला तो आला, अंग लागताच कळवळला, आणि मग वीतभर अंतर ठेवून तसाच उभा राहिला. ते वीतभर अंतर कोंडिबाला बघवेना. त्यानं स्वतःहून प्रगतीला फोन लावायला सांगितलं.

वेल्ह्याहून जनावरांचे डॉक्टर मोटरसायकलवर आले. वाकून बराच वेळ बघत राहिले.

"कातरलं कुणी?"

"म्या."

"हात चांगला आहे बाबा. कुठं ओरखडासुद्धा नाही." डॉक्टरांनी मलम काढलं. "पण हे मेंढरू नव्हे. याच्या वरच्या केसांनीच ऊन अडतं. तुम्ही भर चैत्रात छप्पर उतरवलंत. आता पंधरा दिवस सावलीतून हलवायचं नाही. अंगावर ओलं, मऊ सुती कापड. सुकलं की भिजवा. जखमेत किडे पडले तर हातचं जाईल."

'मी सांगत होते' असं प्रगती म्हणाली नाही. तिनं पाण्याची कळशी तेवढी शेजारी आणून ठेवली. ती बोलली असती तर कोंडिबाला आवाज चढवता आला असता. आता तीही सोय उरली नाही.

त्यात दोनच दिवसांनी रायबाच्या वस्तीवर कातरणी होती. त्या दिवशी चारी वस्त्यांची मेंढरं एका जागी येत, आणि पहिलं मेंढरू ज्याच्या हाती देतील तो सगळ्यांत जाणता. तेवीस वर्षं तो मान कोंडिबाचा होता.

"आबा, तुमी जावा. म्या रजा काढते," कातरणीच्या दिवशी सकाळी प्रगती म्हणाली.

"तू भादरलंस का त्याला? जा, अंगणवाडीची पोरं खोळंबत्याल."

दहाच्या सुमाराला रायबा बोलवायला आला. येताना त्यानं वाटेत एक चांगलासा टोमणा घोळवून ठेवला होता. कोंडिबा आंब्याखाली बसला होता आणि त्याचं डोकं उघडं होतं. घरातल्या चादरी फोडांना टोचत होत्या. धुऊन धुऊन मऊ झालेलं, एवढं कुत्रं झाकेल असं एकच कापड घरात होतं, ते त्याचं मुंडासं. ते ओलं होऊन गबरूच्या अंगावर पसरलं होतं. चाळीस वर्षांच्या ओळखीत रायबानं कोंडिबाचं टक्कल आज पहिल्यांदा पाहिलं. टोमणा त्यानं गिळला.

"चल की. मेंढरं हुबी हाईत. पयलं तुजंच."

"यंदा न्हाई."

"आरं, कुत्र्यापायी? लोक काय म्हनत्याल?"

"म्हनत्याल, कोंडिबानं कुत्रं भादरलं. भादरलंय की. खोटं काय त्यात?" त्यानं कनवटीची कातर काढून पुढं केली. "धार लावून ठिवलीया. पयलं मेंढरू तू धर. पोटाखाली हात हलका ठिव, तितंच घाई करतोस तू."

रायबानं कातर दोन्ही हातांनी घेतली.

दुपारी मालकांचा परदेशातून मोबाईलवर निरोप आला, फोटो पाठवा म्हणून. प्रगतीनं थंडीतला पाठवला. मालक खूश झाले. रायबाला तेवीस वर्षांनी पहिलं मेंढरू मिळालं. सूर्य डोक्यावर आला तशी आंब्याची सावली आखडत बुंध्यापाशी आली. ती दोघांपुरती नव्हती. कोंडिबानं बसल्या जागी सरकून ती गबरूला दिली आणि कळशीत हात घालून मुंडासं पुन्हा भिजवलं. त्या चैत्राच्या उन्हाचं निम्मं देणं गबरूच्या कातडीनं फेडलं होतं. उरलेलं कोंडिबाचं उघडं डोकं फेडत होतं.